हुकमी चांदणं

रेश्मा कुंजीर हिला त्या वर्षी मिळण्यासारखी गोष्ट एकच होती: एका फुलाला तिचं नाव लागणार होतं. कुणी म्हणेल, एवढंच? तर हिशेब असा. माहेरी ती थोरल्याची धाकटी बहीण होती, सासरी कुंजीरांची सून, शाळेत केतकीची आई, आणि केतकीचं लग्न फडतऱ्यांच्या घरात झाल्यापासून नुसती विहीणबाई. जमिनीच्या उताऱ्यावर दिराचं नाव, विजेच्या बिलावर वारलेल्या सासऱ्यांचं. तिची शेवंती फुलबाजारात जायची तीही 'कुंजीरांचा माल' म्हणून. पण गेली काही वर्षं विहिरीजवळच्या तुकड्यात, तुरीच्या आडोशाला, तिने स्वतः निवडत आणलेली एक वेगळी शेवंती वाढत होती. पाकळी बाहेरून तांबूस, आतून दुधाळ, आणि तोडल्यावर आठवडाभर मान टाकायची नाही.

नव्या वाणांची नोंद करणाऱ्या कार्यालयाने तिचा अर्ज घेतला होता. देवदिवाळीनंतर निरीक्षक येणार, शेतात उमललेलं फूल पाहणार, आणि मग ते वाण 'रेश्मा' म्हणून कायमचं ओळखलं जाणार. अट एवढीच की फूल उमललेलं हवं. नुसती हिरवी रोपं दाखवली तर अर्ज रद्द, आणि मग तेच फूल जो आधी उमलवून दाखवेल त्याचं.

तसं दाखवणारा माणूस जवळच होता. केतकीच्या सासूबाईंच्या भावाची मोठी रोपवाटिका होती आणि त्याला दुसऱ्याच्या बांधावरची फांदी खिशात घालायची सवय होती. म्हणून रेश्माने हे फूल लेकीपासूनही लपवलं. लेकीवर अविश्वास नव्हता. लेक ज्या टेबलावर जेवायला बसायची त्या टेबलावर होता.

नवरा विलास याचं फुलांकडे लक्ष कमी. जन्मभर वीजमंडळात वायरमन होता. निवृत्त झाल्यावर खांबावरची नजर काढली ती त्याने थेट आभाळात लावली. 'माथ्यावर' नावाची एक साइट होती, तिचा त्याला नाद लागला. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या कुठल्याही यानाची वाट मोजक्या आकड्यांत मावते: किती उंच, किती कललेली, किती लांबट, आणि यान आत्ता तिच्यावर कुठे आहे. रडारवाले हे आकडे काढतात, जगभरचे हौशी लोक दुर्बिणी लावून ते तपासतात, आणि सगळं उघड्यावर ठेवलेलं असतं. आकडे मिळाले की पुढचं गणित फोन करतो, कारण आभाळातल्या वस्तूला वाटेत चहाला थांबता येत नाही. फक्त तिथली हवा, विरळ असली तरी, यानाला जराजरा मागे ओढत असते. म्हणून आकडे शिळे होतात आणि ताजे करावे लागतात. ते ताजे करणाऱ्या हजारो रिकामटेकड्यांत विलास कुंजीर मोठ्या मानाने मोडायचा.

"अगं, ये वर! जपानचं गेलं, आता आरसे निघतायत," तो गच्चीवरून हाक मारायचा.

"माझ्या भाकऱ्या चालल्यात. तुमचे आरसे येतात का थापायला?"

"भाकऱ्या रोजच्या आहेत."

"आणि आरसे काय सणासुदीचे आहेत?"

आरसेही रोजचेच होते, हे विलासला कबूल करावं लागायचं. सूर्य मावळला की पश्चिमेकडून एक ठळक तारा उगवायचा, डोक्यावर यायचा, आणि खाली अंगणात सावल्या पडायच्या. तो सरकून जातो न जातो तोच मागून दुसरा. तासाभराहून अधिक वेळ ही रांग चालायची. प्रत्येक तारा म्हणजे मैदानाएवढा ताणलेला पातळ चंदेरी पडदा. त्यांची कक्षा अशी बेतलेली की खाली अंधारलं तरी वर त्यांना ऊन असायचं, आणि ते ऊन वळवून, ज्याने मागणी नोंदवली असेल त्याच्या गावावर पाडायचं.

यात एक गंमत होती आणि ती कंपनीच्या जाहिरातीत कधी आली नाही. सूर्य हा काही ठिपका नव्हे, थाळी आहे. थाळीच्या एका काठाकडून येणारे किरण आणि दुसऱ्या काठाकडून येणारे, यांच्यात किंचित कोन असतो. सहाशे किलोमीटर खाली उतरेपर्यंत तो कोन फाकत जातो आणि जमिनीवर पाच-सहा किलोमीटर रुंदीचं वर्तुळ पडतं. आरसा रुमालाएवढा करा, वर्तुळ त्याहून लहान होत नाही. म्हणजे अंगणापुरता उजेड मागवायची सोयच नाही. मागवायचा एकाने आणि तो पडायचा पाच गावांवर. मध्यावर भरपूर, काठाला मंद.

या भागात तो मागवला होता फडतऱ्यांनी. हायवेला लागून त्यांची लॉन्स, म्हणजे लग्नाकार्याचं मोठं हिरवळीचं मैदान. लग्नं काय, मुहूर्तावर होतात. चातुर्मासात लॉन्स ओस. पण डोहाळजेवण केव्हाही निघतं, आणि चांदण्यातल्या डोहाळजेवणाची हौस तर जुनीच. अडचण एवढीच होती की चांदणं महिन्यातले थोडेच दिवस नीट मिळतं आणि पावसाळ्यात तेही नाही. विहीणबाई पद्मजा फडतरे यांनी ती अडचण काढून टाकली. ढग नसतील त्या कुठल्याही संध्याकाळी, अमावास्येलाही, त्यांच्याकडे हुकमी चांदणं मिळू लागलं. झोपाळ्यावर हिरवी साडी नेसलेली सून, भोवती बायका, आणि वरून एकामागून एक उगवणारे चंद्र. सगळ्या तालुक्यात नाव झालं.

गावांनाही आवडलं. पोरं उशिरापर्यंत क्रिकेट खेळायची. कावळे मात्र गोंधळले. झाडावर जाऊन बसायचे, पुन्हा उडायचे.

पितृपक्ष संपत आला तेव्हा सोपानतात्या झुरंगे ओढा ओलांडून रेश्माच्या बांधावर आले. तात्या म्हणजे या शिवारातले शेवंतीचे जुने जाणते. लग्न होऊन आलेल्या रेश्माला कलम कसं लावायचं हे त्यांनीच शिकवलं होतं.

"पोरी, तुझ्या शेवंतीला कळी दिसती का गं?"

"नाही हो तात्या. तुमच्या?"

"माझी बी नुसती माजलीय. कमरेला लागली. पानं ही एवढाली." तात्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "शेणखत जास्त झालं बहुतेक. म्हातारी सांगत हुती, नका एवढं टाकू. पर ऐकलं तर मी कसला!"

ते गेले आणि रेश्मा तुरीच्या आड जाऊन उकिडवी बसली. नव्या वाणाचा एकेक शेंडा बोटांनी उघडून पाहिला. पान, पान, पान. कळीचा दाणासुद्धा नाही.

शेवंतीचं एक आहे. ती दिवस मोजत नाही, रात्र मोजते. रात्र लांबली, सलग काळोख मिळाला, की पानं काढायचं सोडून कळी धरते. रात्र आखूड पडली तर तिला वाटतं अजून उन्हाळाच आहे, आणि ती वाढत राहते. हे इथल्या माणसांना कुणी शिकवावं लागत नाही. इथे शेतात तारा ताणून बल्ब लावतात, शेवंतीला खोट्या उन्हाळ्यात ठेवतात, आणि बाजाराचा दिवस बघून बल्ब बंद करतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारांसाठी साधारण दसऱ्यापर्यंत बल्ब चालतात; तात्यांसारखे दिवाळीचा बाजार धरणारे बल्ब लावतच नाहीत. रेश्माने या वर्षी निरीक्षकाची तारीख धरून ते विसर्जनानंतर लगेच उतरवले होते. म्हणजे आता कळी दिसायलाच हवी होती.

संध्याकाळी ती आपणहून गच्चीवर आली तेव्हाच विलासला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"तुमचे आरसे किती वाजता संपतात हो?"

विलासने सांगितलं. मग स्वतःच थबकला. फोन खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"बल्बांना तू सुट्टी दिलीस," तो म्हणाला. "यांना कुणी दिली नाही."

"पण संध्याकाळचा थोडा उजेड, त्याने एवढं होत नाही. मागच्या वर्षीही होता की."

"आणि पहाटेचा?"

"पहाटे कुठे असतो?"

"तू उठतेस तेव्हा फटफटलेलं असतं ना?"

"असतं."

"ते फटफटलेलं नसतं, रेश्मा. ते आरसे असतात."

ती बसली. रात्र दोन्ही टोकांनी कापली जात होती, आणि ज्या घरात आभाळ पाहायचा नाद होता त्याच घराला ते कळलं नव्हतं. विलासला आरसा कोणता, कितीला आला, किती ठळक, हे सगळं पाठ होतं. तो उजेड खाली पडून काय करतो हे पाहायला मान खाली घालावी लागते, आणि ती सवय त्याला नव्हती.

"कुठे पडतोय ते दाखवा."

तेही उघड्यावर होतं. विमानांच्या आणि दुर्बिणींच्या सोयीसाठी प्रत्येक आरशाचा रोख जाहीर करायचा असा नियमच होता. विलासने नकाशा उघडला. पिवळं वर्तुळ उमटलं. मागच्या वर्षी त्याचा मध्य फडतऱ्यांच्या लॉन्सवर होता आणि कुंजीरांचं शेत काठाच्या अंधुकात. या वर्षी लॉन्स काठाला होती. मध्य होता कुंजीरांच्या विहिरीवर.

"चुकून सरकलं असेल," विलास म्हणाला.

"डोहाळजेवण पहाटे कोण करतं?"

"कोणी नाही."

"आणि पितृपक्षात?"

विलासने मागच्या तारखा चाळल्या. पितृपक्षात लॉन्सवर कुत्रं फिरकत नव्हतं, तरी उजेड एक दिवस चुकला नव्हता. दोन्ही वेळेला, न चुकता, विहिरीवर. एक दिवस खंड पडला तर केलेलं वाया जातं हे ज्याला माहीत आहे अशाच माणसाने हा उजेड मागवला होता. असं माणूस फडतऱ्यांच्या घरात एकच होतं, कुंजीरांच्या बांधावर वाढलेलं.

नकाशाखाली 'हरकत' असं बटण होतं. वर्तुळातल्या कुणीही ते दाबलं तर चौकशी होईपर्यंत उजेड थांबायचा, सगळ्या वर्तुळावरचा. पण चौकशीत कुणी मागवला, मध्य कुणी ठरवला, हेही जाहीर व्हायचं.

विलासने फोन तिच्यापुढे धरला. तिने तो पालथा घालून ठेवला.

केतकी घटस्थापनेच्या दिवशी आली. स्कूटर लावून सरळ शेताकडे गेली आणि तशीच परत आली.

"आई, बल्ब इतक्यात का उतरवलेस? दसरा कुठे आलाय अजून!"

"वरून सोय झालीय ना. मग बल्ब कशाला?"

केतकी हसली. पकडलं गेल्याचं नव्हे, कौतुकाची वाट बघत असल्याचं हसू. "कळलं तुला! बाबांनी शोधलं ना? मला माहीतच होतं. मागच्या वर्षी बल्ब लावताना ते शिडीवरून पडले, तेव्हाच मी ठरवलं. म्हटलं, आता या माणसाला चढू द्यायचं नाही. सासरी सांगता येत नव्हतं, आणि तुला सांगितलं असतं तर तू घेतलं नसतंस."

"नसतंच घेतलं."

"बघ!"

रेश्माने तिला हाताला धरून तुरीच्या आड नेलं आणि नवं वाण दाखवलं. कशासाठी आहे, कधी फुलायला हवं, निरीक्षक कधी येणार, सगळं सांगितलं. केतकीचं तोंड उतरत गेलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू मला विचारलं होतंस?"

"काय विचारायचं, आई? तुझ्याकडे काय आहे हेच मला माहीत नाही! तुला वाटलं, मी तिकडे जाऊन बोलेन."

"तुझ्यासमोर तो तुझा मामेसासरा जेवायला बसतो."

"त्याच्यासमोर मी जेवते. तोंड उघडते ते जेवायलाच." तिने डोळे पुसले. "दसऱ्यानंतर मध्य परत हलवणारच होते; थांब, आताच हलवते."

पण तसं होण्यासारखं नव्हतं. हंगामाची पहिली मांडणी केतकीने केली होती. बदल करायचा तर मंजुरी पद्मजाबाईंच्या फोनवर जायची. शिवाय येत्या पाडव्याला लॉन्सचा सगळा कारभार केतकीच्या हाती द्यायचा असं त्या घरात ठरत होतं. तिच्या थोरल्या दिराला ते पसंत नव्हतं. सुनेने सासरचा उजेड माहेरच्या विहिरीवर टाकला, एवढं वाक्य त्याला वर्षभर पुरलं असतं.

"हरकत घे," केतकी म्हणाली. "माझं जे व्हायचं ते होईल."

तिचा आवाज ठाम होता, पण बोटं तुरीचं पान चुरगाळत होती. रेश्माने दोन्हींची नोंद घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती लॉन्सवर गेली. माणसं मांडवाच्या रंगीत पडद्यांच्या घड्या घालत होती. पद्मजाबाई खुर्चीत बसून त्यांच्यावर नजर ठेवून होत्या.

"या विहीणबाई! मला वाटलं, घटस्थापनेच्या आधीच याल. उशीर केलात."

"काम होतं थोडं. ते जाड काळं कापड असतं ना तुमच्याकडे, स्टेजच्या मागे लावता ते? महिना-दोन महिने मिळेल का?"

"शेवंतीवर घालायला?"

रेश्माने नुकताच हातात आलेला चहा खाली ठेवला.

"अहो, पैसे आम्ही भरतो. मग आमचा उजेड कुठे पडतो ते बघायला नको?" पद्मजाबाईंनी फोन दाखवला. 'माथ्यावर' उघडंच होतं. "पितृपक्षात लॉन्स बंद आणि उजेड चालू. या घरात बिल कोण वाचतं? मीच. म्हटलं, सून माहेरचं बघतेय. बघू दे. माझ्या माहेरी विहीर असती तर मीही बघितलं असतं."

"मग बोलला नाहीत?"

"बोलून टाकलेलं संपून जातं. न बोललेलं कामाला येतं." त्या हसल्या. "आत्ता आलंच की."

"मध्य परत इकडे घ्या ना, पद्मजाताई. तेवढी मंजुरी द्या. कोणाला कळायचं कारण नाही."

"ते नाही जमायचं. मागच्या वर्षी मध्य इथे होता तर बायका म्हणाल्या, चांदणं कसलं, ट्यूबलाइट आहे नुसती. या वर्षी काठाला आलोय तर कसं खरं चांदणं वाटतंय! तुळशीच्या लग्नापर्यंत एक संध्याकाळ मोकळी नाही, आणि करार दोन्ही वेळांचा एकत्र, पहाटेचा तेवढा सुटा बंद होत नाही. केतकीने चोरी केली खरी, पण धंदा वाढवला. तिला बोलायचं कसं, तेच मला कळेना."

रेश्माने चहा संपवला. मग पद्मजाबाईंनी विचारलं, "बाजारच्या मालासाठी एवढं कोणी करत नाही, हे रोपवाटिकेवाल्याच्या बहिणीला कळतं; नव्या फुलाला नाव काय देणार?"

"रेश्मा."

"छान आहे." त्यांनी प्रवेशद्वारावरच्या पाटीकडे हात केला. "ती पाटी वाचा. वर सासऱ्यांचं नाव. खाली यांचं. पावतीवर थोरल्याचं. इथे नुसता मुरूम होता तेव्हा पहिल्या लग्नाचा स्वयंपाक मी केलाय, एकटीने, चुलीवर. माझं नाव कुठे दिसतंय का बघा."

रेश्माने बघितलं. नव्हतं.

"कापड घेऊन जा. घालायला-काढायला दोन माणसं देते. केतकीचं गुपित माझ्या पोटात राहील आणि पाडव्याला कारभार तिलाच मिळेल. हरकत घ्यायची नाही. आणि फुलाचं नाव पद्मजा."

"शेवंतीला कमळाचं नाव?"

"लोक अमावास्येला चांदण्यात जेवतात, विहीणबाई. त्यांना चालेल."

रेश्मा उठली. पदर सारखा केला. मग म्हणाली, "वर्तुळात बाकीच्यांचीही शेवंती आहे."

"त्यांनी काही विचारलंय का?"

नव्हतं विचारलं. लांबलेली संध्याकाळ ही तक्रार करायची गोष्ट आहे असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. जो तो आपल्या खताला, आपल्या पाण्याला, आपल्या नशिबाला बोल लावत होता. रेश्माने एक क्षण पाटीकडे पाहिलं, एक क्षण घडी घातलेल्या काळ्या कापडाकडे.

"गाडी पाठवता की मी टेम्पो आणू?" ती म्हणाली.

कापड पुरलं ते नव्या वाणाच्या तुकड्यापुरतं. बाकीची शेवंती तिने तशीच सोडली. दिवस मावळता कापड घालायचं आणि पहाटे काढायचं, असा क्रम सुरू झाला. पहाटे मोठी पंचाईत व्हायची, कारण दोन्ही उजेड एकमेकांत मिसळून यायचे. विलास 'माथ्यावर' बघत बांधावर उभा राहायचा.

"उघडू का?"

"थांब. हा अजून आरशाचा आहे."

"आता?"

"आता सूर्याचा. उघड."

आभाळ पाहण्यातली त्याची मजा मात्र गेली. आरसे येता-जाताना तो ज्या नोंदी पाठवायचा, त्या त्याने बंद केल्या. साइटवरच्या दूरदेशच्या ओळखीच्या माणसांनी विचारलं, बरा आहेस ना? त्याने लिहिलं, इथे ढग आहेत. आभाळ स्वच्छ होतं.

तात्या एकदा दिवेलागणीला बांधावर आले आणि कापडाकडे बघत राहिले.

"हे काय गं? रोपांना गोधडी?"

"लाल कोळ्याची कीड पडलीय तात्या. म्हणून."

"कोळ्याला कापड? नवीनच ऐकतोय." त्यांनी वाकून कापडाचं टोक उचललं. आतल्या शेंड्यांवर हिरवे दाणे धरले होते. तात्यांनी एक दाणा बोटाने चाचपला. मग म्हणाले, "कळी धरली की तुझी. मी बी घालू का असं काही? म्हातारीच्या जुन्या गोधड्या हायेत चिक्कार."

तिला फक्त 'घाला' म्हणायचं होतं. पण तात्यांनी गोधड्या घातल्या असत्या तर सगळ्या शिवाराने विचारलं असतं, कशाला? आणि तात्यांच्या पोटात काही राहत नव्हतं. उत्तर शोधत शोधत कुणीतरी नकाशापर्यंत पोचलंच असतं.

"तुमच्याकडे नाही आला तो रोग," रेश्मा म्हणाली.

"मग ठीक हाय," तात्या म्हणाले.

देवदिवाळीनंतर निरीक्षक आले तेव्हा विहिरीजवळचा तुकडा तांबूस-दुधाळ झाला होता. ते सावकाश काम करणारे गृहस्थ. पाकळ्या मोजल्या, पानं सपाट करून पाहिली, फुलांचे फोटो काढले, आणि मग विचारलं, "वाणाचं नाव?"

विलास विहिरीत डोकावून पाहू लागला.

"पद्मजा," रेश्माने सांगितलं.

"शेवंतीला?" निरीक्षक हसले. "ठीक आहे. वाण काढणाऱ्याचं नाव?"

"रेश्मा विलास कुंजीर."

तेही त्यांनी लिहून घेतलं. ते कागदावर राहणार होतं, आणि कागद कार्यालयात. बाजार फुलाचं नाव घेतो, काढणाऱ्याचं कधी विचारत नाही.

रेश्माचा सत्कार लॉन्सवरच झाला, भर दुपारी. पद्मजाबाईंनी स्वतःचं नाव असलेल्या फुलांची वेणी माळली होती आणि त्या आलेल्या प्रत्येकीकडे पाठ करून उभ्या राहत होत्या. केतकी गळ्यात किल्ल्या अडकवून फिरत होती. कारभार तिच्याकडे आला होता. आईजवळ येऊन तिने पाणी हवं का एवढं विचारलं. हल्ली ती प्रत्येक गोष्ट आधी विचारायची.

तात्या शेवटी आले. हातात नारळ होता.

"तुमची शेवंती, तात्या?" रेश्माने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं. त्या शिवारात कुणाचीच वेळेवर आली नव्हती.

"दिवाळीला नांगर फिरवला. किती वाट बघायची? आता कांदा लावलाय, तो पोरगा बघतो." तात्यांनी नारळ तिच्या हातात दिला. "माझा हात गेला गं शेवंतीवरचा. इतकी वरसं लावली, पर औंदा तिनं ओळखलंच न्हाई मला. म्हातारपण, दुसरं काय! आता फुलाच्या नादाला लागायचं न्हाई."

"तसं काही नसतं, तात्या."

"असतं गं. तू मनाला लावून घेऊ नको. तुला शिकवलं त्याचं तू सोनं केलंस, मला लई पावलं. उपकार झाले तुझे."

असं म्हणून ते जेवायला बसले. भोवती पंगतीत त्याच वर्तुळातली बाकीची माणसं होती आणि बासुंदीची वाखाणणी चालू होती.

तर कुणी काय भरलं ते असं. आरशांच्या कंपनीला फडतऱ्यांनी दिलं आणि फडतऱ्यांना डोहाळजेवणवाल्यांनी. त्यांची फिटंफाट झाली. पद्मजाबाईंनी कापड दिलं, ते धुऊन, घडी घालून परत मिळालं. केतकीने आईला न विचारता काही देण्याची हौस दिली, विलासने आभाळ दिलं, रेश्माने नाव दिलं. उरलेलं सगळं तात्यांनी आणि त्या पंगतीने भरलं, कशाबद्दल ते न कळता. आणि वर आभारही तात्यांनीच मानले.